मोआबाचा बोलका दगड

मोआबी लोकांची आपली ओळख बहुधा त्यांच्या शत्रूंच्या तोंडून झालेली आहे. मृत समुद्राच्या पूर्वेकडील पठारावर मेंढरें राखणारें हें राष्ट्र. त्याचा राजा मेशा इस्राएलास कोंकरें व लोंकर करादाखल देई आणि पुढें उलटला, एवढें शास्त्र सांगतें.

परंतु इ. स. १८६८ सालीं दीबान येथें क्लाइन नामक मिशनऱ्यास ३४ ओळींचा एक काळा शिलालेख आढळला. तो मिळविण्यासाठीं परकीयांची चढाओढ लागली, तेव्हां तेथील बदावी लोकांनीं दगड तापवून, वर पाणी ओतून तो फोडला! सुदैवानें क्लेर्मां-गानो या फ्रेंच पंडितानें त्याचा कागदी ठसा आधींच घेवविला होता. जुळविलेले तुकडे आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयांत आहेत.

लेख खुद्द मेशाचा, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतला. भाषा हिब्रूची सख्खी बहीण. आणि विचार? केमोश देव आपल्या भूमीवर कोपला, म्हणून इस्राएलानें मोआबास गांजलें; त्याच्याच आज्ञेनें आपण नबो घेऊन ७,००० जणांचा वध केला, असें राजा अभिमानानें सांगतो. शत्रूंची बोलण्याची रीत इतकी सारखी असावी, हें पाहून मन थबकतें.

मोआब्यानें परमेश्वराच्या मंडळींत येऊं नये, असें नियमशास्त्र म्हणतें. तरी मोआबी रूथ दाविदाची पणजी झाली व संत मत्तयानें प्रभूच्या वंशावळींत तिचें नांव घातलें. शौलापासून पळतांना दाविदानें आपल्या आईबापांस ठेविलें, तेंही मोआबाच्या राजापाशींच.