ज्ञान, भेट आणि ओळख : सोलापूर-पंढरपूर परिसर व मराठी ख्रिस्ती श्रद्धेची भाषा

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास बहुधा धर्मांतरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी, कोणत्या साली, कोणाच्या हातून बाप्तिस्मा घेतला आणि त्यावरून गावात किती गहजब झाला, ह्याची माहिती आपल्याला बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. परंतु बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्या मनुष्याने प्रार्थनेत कोणते शब्द उच्चारले, देवाला आपण ओळखतो असे तो म्हणे तेव्हा त्या म्हणण्याचा त्याच्या मनात कोणता अर्थ असे, ह्या प्रश्नाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. हा प्रश्न ईश्वरविद्येचा आहे, इतिहासाचा नव्हे, असे म्हणून तो बाजूस सारण्यात येतो. वस्तुतः एखाद्या समाजाने आपल्या सर्वांत खाजगी अनुभवासाठी जो शब्द निवडला, त्या शब्दाचा इतिहास हा त्या समाजाचाच इतिहास असतो. प्रस्तुत लेखात ह्या दृष्टीने सोलापूर-पंढरपूर परिसराचा व त्याच्याशी निगडित असलेल्या काही व्यक्तींचा विचार केला आहे.

बोस्टन येथील अमेरिकन बोर्डाचे पहिले धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईस आले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरास ठाणे केले आणि १८४२ मध्ये तेथे ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू झाले. सोलापूरचे ठाणे त्यामानाने उशिराचे, म्हणजे १८६० नंतरच्या दशकातले. चार्ल्स हार्डिंग हे तेथील आरंभीच्या धर्मोपदेशकांपैकी एक होते. नुकतीच रेल्वे आली होती; कापडाची पहिली मोठी गिरणी १८७७ मध्ये निघावयाची होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ह्या चारही भाषा ज्याच्या बाजारात ऐकू येत अशा ह्या गावात मिशनने शाळा, प्रार्थनामंदिर आणि दुष्काळानंतर अनाथाश्रम चालविले. विसाव्या शतकाच्या आरंभी मेरी हार्डिंग यांनी येथे बालकमंदिर सुरू केले. ह्या साऱ्यांची नोंद मिशनच्या वार्षिक अहवालांत आहे. हे अहवाल अमेरिकेतील देणगीदारांकरिता, इंग्रजीत आणि अर्थातच आशादायक सुरात लिहिलेले असत. त्यांत बाप्तिस्म्यांची संख्या मिळते, पण प्रार्थनेची भाषा मिळत नाही. ती पाहावयाची तर मराठी बायबल, गीतसंग्रह आणि आत्मचरित्रे ह्यांकडे वळावे लागते.

योहानाच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायाच्या आरंभी, सार्वकालिक जीवन म्हणजे काय ह्याचे एक संक्षिप्त उत्तर आहे : खऱ्या देवाला व त्याने पाठविलेल्या ख्रिस्ताला जाणणे. प्रचलित मराठी बायबलात येथे ‘ओळखणे’ हे क्रियापद आले आहे. ही निवड वरवर साधी दिसते. तथापि ज्या भाषेत ‘ज्ञान’ ह्या शब्दामागे ज्ञानेश्वरीपासून पंचदशीच्या मराठी टीकांपर्यंतची परंपरा उभी होती, त्या भाषेत ‘ज्ञान’ टाळून ‘ओळख’ स्वीकारणे हा मोठा निर्णय होता, मग तो जाणूनबुजून झालेला असो वा नसो. अद्वैतातील ज्ञानाने जाणणारा व जाणलेला ह्यांतील भेद मावळतो, तर ओळखीला दोघे लागतात. शिवाय मराठीत हा शब्द व्यवहारातला आहे. ओळख काढावी लागते, ती वाढते, कालांतराने पटते. उपकाराची ओळख ठेवावी लागते, आणि वेळप्रसंगी ओळख न दाखविता माणूस पुढे निघूनही जातो. ह्या सर्व अर्थच्छटा देवाच्या संबंधात आपोआप उतरल्या. मूळ हिब्रू भाषेतील ‘जाणणे’ हाही असाच सहवासाचा शब्द आहे, हा योगायोग भाषांतरकारांच्या पथ्यावर पडला.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. मराठीत ख्रिस्ती भक्तीची भाषा फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून आधीच सिद्ध केली नव्हती काय? केली होती, आणि ती अत्यंत समर्थपणे केली होती. परंतु गोव्यात सतराव्या शतकात तीन वेळा छापल्या गेलेल्या ह्या ग्रंथाची पुढची आवृत्ती निघाली ती थेट १९०७ मध्ये, मंगळुरास, व तीही रोमन लिपीत. देवनागरीतील आवृत्तीसाठी १९५६ पर्यंत थांबावे लागले. दख्खनमधील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाला हा वारसा व्यवहारात लाभलाच नाही. त्याला आपली भाषा नव्याने घडवावी लागली, आणि घडविण्याची सामग्री शोधण्यास त्याला फार दूर जावे लागले नाही. सोलापूरपासून पाऊणशे किलोमीटरांच्या आत पंढरपूर होते.

ह्या परिसराशी संबंध आलेली पहिली मोठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये पुण्यास आर्य महिला समाज स्थापन केल्यावर त्यांनी त्याच्या शाखा काढल्या, त्यांत सोलापूर, पंढरपूर व बार्शी ही गावे होती. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. पुढील वर्षी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आपल्या गुरुभगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो ‘ओळख’ ह्या प्रश्नाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा. त्रैक्याचा सिद्धान्त मान्य करा, कारण चर्चची तशी आज्ञा आहे, असे सांगितले गेले, तेव्हा एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे जोखड मी मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर ह्या तरुण विधवेने दिले. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी जो भेद केला आहे, तो तर फार महत्त्वाचा आहे : ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता, तो मिळाला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. अर्थात् बाप्तिस्म्याची तारीख आणि ओळखीची तारीख ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. धर्मांतराचा इतिहास केवळ पहिल्या तारखेवर रचणाऱ्या आपल्या पद्धतीला हे एकच विधान पुरेसे बाधक ठरावे. पुढे केडगावी त्यांनी बायबलाचे जे मराठी भाषांतर केले (ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले), त्यात संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्द कटाक्षाने दूर ठेवले. संस्कृतावर असे प्रभुत्व असणाऱ्या विदुषीने अल्पशिक्षित स्त्रियांसाठी संस्कृतचा त्याग करावा, ह्यात तिची ईश्वरविषयक भूमिकाच दिसून येते.

नारायण वामन टिळकांचा मार्ग नेमका उलट दिशेने गेला. १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आरंभीच्या त्यांच्या पद्यरचनेवर पाश्चात्य गीतांची छाया आहे. पण जसजशी त्यांची श्रद्धा मुरत गेली, तसतसे ते अभंगाकडे, माउलीच्या हाकेकडे, भेटीच्या तळमळीकडे वळले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगरास ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होता; टिळकांनी त्या रूपाला काव्याची प्रतिष्ठा दिली. गंमत अशी, की ज्या जस्टिन ॲबट यांच्याशी टिळकांचा बाप्तिस्म्यापूर्वी संबंध आला, त्या धर्मोपदेशकाने निवृत्तीनंतरची आपली वर्षे भानुदास, एकनाथ, बहिणाबाई व तुकाराम यांच्या चरित्रांच्या इंग्रजी भाषांतरात घालविली. पुलावरून वाहतूक दोन्ही बाजूंनी चालू होती.

परंतु ह्या परिसराच्या दृष्टीने टिळकांहूनही अधिक महत्त्वाची साक्ष लक्ष्मीबाईंची आहे. पतीने धर्म बदलल्यावर ताटातुटीच्या वर्षांपैकी काही काळ त्यांनी नातलगांबरोबर प्रत्यक्ष पंढरपुरात काढला. ज्या देवाच्या भेटीसाठी लाखो लोक चालत येत, त्याच्या गावात ही स्त्री नवऱ्याला दुसऱ्या देवाने नेले म्हणून शोक करीत होती. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त ह्या काळाचे जे वर्णन आहे, त्यात तत्त्वचर्चा जवळजवळ नाही. पुढे त्या पतीकडे परतल्या, त्याही सोवळे-ओवळे सांभाळून, स्वतंत्र स्वयंपाक करून. त्यांच्यात पहिला बदल झाला तो ख्रिस्ताविषयी नव्हे, तर पाणी आणि अन्न ह्यांविषयी. जातिभेद हे देवाने केलेले नसून माणसाने केलेले आहेत, असे त्यांना एकदा पटले; त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यास त्यांची ना राहिली नाही, आणि बाप्तिस्मा ह्या घटनेच्या मागून आला. देवाच्या ओळखीआधी शेजाऱ्याची ओळख पटली, असा हा क्रम आहे. ईश्वरविद्येच्या ग्रंथांत तो बहुधा उलटा मांडलेला असतो. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे काम अखेर ह्याच बाईंनी केले, ही वस्तुस्थितीही ह्या संदर्भात विसरता येण्यासारखी नाही.

आता एका अडचणीच्या मुद्द्याकडे वळले पाहिजे. तुकारामाचा पूल ही प्रतिमा इतकी सुंदर आहे, की अभ्यासकांनी ती सर्वच मराठी ख्रिस्ती समाजाला लावून टाकली. हे माझ्या मते योग्य नाही. सोलापूर व अहमदनगरच्या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक ब्राह्मण नव्हते. ते महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्यासाठी पंढरपूर म्हणजे चंद्रभागेच्या काठचे, पण दाराबाहेरचे पंढरपूर. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून १३३८ मध्ये चोखामेळा मृत्यू पावला. ढिगाऱ्यातील हाडे नामदेवाने त्यांतून निघणाऱ्या विठ्ठलनामावरून ओळखली, अशी कथा आहे. मेल्यावर ज्याची हाडेही देवाच्या नावाने ओळखू आली, त्याची समाधी महाद्वाराच्या बाहेर झाली. आणि त्याच्या जातीच्या लोकांना आत पाऊल टाकण्यास १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी प्राण पणास लावल्यावर. गावगाड्यात ‘ओळख सांग’ ह्या शब्दांचा अर्थ ‘जात सांग’ एवढाच होता. अशा माणसाच्या दृष्टीने ‘मी देवाला ओळखतो’ ह्यापेक्षा ‘देव मला ओळखतो’ हे वाक्य अधिक क्रांतिकारक होते. गलतीकरांस लिहिताना पौलाने स्वतःचे वाक्य मध्येच थांबवून हीच दुरुस्ती केली आहे : तुम्ही देवाला ओळखता, किंबहुना देवाने तुम्हांला ओळखले आहे. सोलापुरातील एखाद्या शाळेत पाटीवर आपले नाव पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलाला ही दुरुस्ती समजावून सांगण्यास भाष्याची गरज पडली नसावी.

ह्यावर ‘पोटासाठी झालेले ख्रिस्ती’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. १८७६ ते १८७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. अनाथ मुले मिशनच्या आश्रयास गेली. त्यांतील पुष्कळजण त्याच धर्मात वाढले. आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. मात्र भाकरीतून झालेली ओळख ही ओळखच नव्हे, हे त्यामागील गृहीत तपासून घ्यावे लागेल. वारकरी परंपरेत देव जनाबाईबरोबर दळतो, चोख्याबरोबर ढोरे ओढतो. तेथे अन्न आणि श्रम ह्यांत झालेल्या भेटीला कोणी खोटी म्हणत नाही. तेच माप येथेही लावावयास हवे. उलटपक्षी, आश्रयदाता आणि आश्रित ह्या नात्याचा ओळखीवर काय परिणाम झाला, हे मिशनच्या समर्थकांनीही तपासलेले नाही. टिळकांना ते जाणवले होते. मिशनचा पगार घेणाऱ्याने ख्रिस्ताची साक्ष दिली तर ऐकणारा ती पगाराची साक्ष समजतो, ह्या जाणिवेने त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले व दरबार मोडला. तो टिकला असता तर मराठी ख्रिस्ती समाजाचे रूप काय झाले असते, ह्याविषयी तर्क करणे इतिहासकाराचे काम नव्हे. मात्र ओळख आणि सभासदत्व ह्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे रमाबाईंनी आतून आणि टिळकांनी बाहेरून पाहिले होते, एवढे नोंदवावयास हरकत नाही.

सोलापूरच्या संदर्भात अद्याप एक मोठे काम शिल्लक आहे. हे सिद्धरामाचे गाव आहे. बाराव्या शतकात त्याने आपली वचने कन्नडात रचली. ‘अरिवु’ हा वचनकारांचा जाणिवेसाठीचा शब्द आणि मराठीतील ‘ओळख’ ह्यांचा ह्या गावातील बोलण्यात एकमेकांवर काही परिणाम झाला काय, हे केवळ मराठी जाणणाऱ्या अभ्यासकाला सांगता येणार नाही. त्यासाठी दोन्ही भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याने येथील जुन्या कुटुंबांतील हस्तलिखित गीतवह्या आणि घरगुती बायबलांच्या समासांतील टिपणे ह्यांचा शोध घ्यावयास हवा. असे कागद असतील तर ते ट्रंकांच्या तळाशी पडलेले असणार, आणि ट्रंका फार काळ राहत नाहीत.