खानेसुमारी एका शहराची

लोकगणनेला आज आपण जनगणना म्हणतो. परंतु दोन-तीन पिढ्यांपूर्वी मराठी माणसाच्या तोंडी तिची दोन निराळी नावे होती, शिरगणती आणि खानेसुमारी. पुढे दोन्ही शब्द एकाच अर्थाने रूढ झाले, तरी मुळात त्यांत भेद आहे. शिरगणतीत माणसांची डोकी मोजावयाची. खानेसुमारीत मात्र, त्या शब्दातील फारसी ‘खाना’ म्हणजे घर हे ध्यानात घेतले असता, घरे मोजावयाची, आणि घराच्या अनुषंगाने घरातल्या माणसांची दखल घ्यावयाची. डोक्यांचा आकडा एका दृष्टिक्षेपात वाचून होतो. घरांची यादी मात्र दारोदार हिंडल्यावाचून तयार होत नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट नामक मध्यम आकाराच्या शहराचे आकडे वाचू लागलो, तेव्हा या जुन्या भेदाचे मर्म मला प्रथम उमगले. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी लोकगणना होते, आणि लोकगणना खात्याच्या दप्तरात प्रत्येक शहराचे चरित्र आज मुख्यतः तीन रकान्यांत सामावलेले असते: लोकसंख्या, उत्पन्न आणि घरे. पहिले दोन रकाने वाचून फ्लिंटचा उत्कर्ष आणि अपकर्ष दिसतो. त्या दोहोंची कारणे शोधू जावे तर तिसऱ्या रकान्याशी थांबावे लागते, असे माझे मत त्या शहराच्या इतिहासाने बनविले आहे.

फ्लिंट नदीच्या उतारावर जेकब स्मिथ नावाच्या कातडी-व्यापाऱ्याने ठाणे दिले ते १८१९ साली, आणि त्याच वर्षी सॅगिनॉच्या तहनाम्याने ओजिब्वे प्रभृती मूळ रहिवाशांच्या ताब्यातील विस्तीर्ण मुलुख अमेरिकन सरकारकडे गेला. सभोवतीच्या पाइन वृक्षांच्या अरण्यांनी प्रथम लाकूडकटाईचा धंदा दिला. अरण्ये सरली तेव्हा त्या लाकडावर हात बसलेले कारागीर घोडागाड्या बांधू लागले. लाकडाच्या व्यापारात गबर होऊन राज्याचे गव्हर्नरपद भूषविलेल्या हेन्री क्रेपो यांचा नातू विल्यम ड्युरँट याने १८८६ मध्ये डॅलस डॉर्ट या मित्राच्या भागीदारीत कर्जाऊ पैशावर दुचाकी घोडागाड्यांचा कारखाना काढला, आणि थोड्याच वर्षांत त्या धंद्यातील देशातल्या अग्रगण्य कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. पुढे ब्यूक मोटारीचा कारखाना डेट्रॉइटहून फ्लिंटला आला, १९०४ साली त्याची सूत्रे ड्युरँटच्या हाती गेली, आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजी त्याने जनरल मोटर्स या कंपनीची स्थापना केली. येथून पुढे शहराचा आणि कंपनीचा जमाखर्च एकाच वहीत लिहिला जाऊ लागला.

लोकसंख्येचा रकाना या घटनांचा पडसाद तत्काळ देतो. १९०० साली १३,१०३. १९१० साली ३८,५५०. १९२० साली ९१,५९९. आणि १९३० साली १,५६,४९२. तीस वर्षांत जवळजवळ बारापट. आकडा वाचताना छाती फुगते खरी. पण एवढी माणसे रात्री निजत कोठे होती, हा प्रश्न खानेसुमारी करणाऱ्याने विचारला पाहिजे. १९१० च्या सुमारास कितीतरी कामगार कुटुंबे नदीकाठी तंबूंत आणि डांबरी कागद ठोकून उभ्या केलेल्या झोपड्यांत मिशिगनचा हिवाळा काढीत होती. खानावळीवजा भाड्याच्या घरांतून खाटा पाळीपाळीने दिल्या जात. रात्रपाळीचा कामगार सकाळी परते तेव्हा दिवसपाळीचा माणूस नुकताच उठून गेलेला असे, आणि त्याच्या अंगाची ऊब अंथरुणात अद्याप शिल्लक असे. शिरगणतीत ती दोन डोकी भरली. खानेसुमारीत दोघांच्या वाट्याला एक खाट आली.

मजूर टिकवावयाचे तर छप्पर दिले पाहिजे, हे कंपनीच्या ध्यानी आले. १९१९ मध्ये तिने घरबांधणीसाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि शहराच्या वायव्येस सिव्हिक पार्क नावाची वसाहत वसविण्यास आरंभ केला. सामानाची ने-आण करण्यासाठी तेथपर्यंत रूळ टाकले, जागेवरच लाकडाची गिरणी चालविली, आणि काही महिन्यांच्या अवधीत सुमारे ९५० घरे उभी राहिली. वळणावळणाचे रस्ते, दुतर्फा झाडे, प्रत्येक घरापुढे हिरवळ. कामगारवस्तीचा एवढा सुबक घाट त्या काळी विरळा होता. परंतु कंपनीच्या घरांच्या खरेदीखतांत एक कलम असे होते की गौरवर्णी नसलेल्या मनुष्यास ते घर विकता अथवा भाड्याने देता येणार नाही. गावात नव्यानेच येऊ लागलेल्या कृष्णवर्णी कुटुंबांना फ्लोरल पार्क आणि सेंट जॉन या दोन वस्त्यांबाहेर बहुधा कोठेही जागा मिळत नसे. सेंट जॉन तर ब्यूकच्या कारखान्यास लागूनच असल्याने धुराचे व काजळीचे लोट तेथे अहर्निश उतरत. शहराचा पुढचा सारा इतिहास त्या एका कलमात बीजरूपाने होता, असे मी म्हणतो ते पूर्ण विचाराअंती.

दुसरा रकाना उत्पन्नाचा. त्याची कथा ३० डिसेंबर १९३६ रोजी सुरू होते. त्या दिवशी जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी कारखान्यांतील कामगारांनी काम थांबविले. मात्र ते बाहेर पडले नाहीत, यंत्रांपाशीच ठाण मांडून बसले. मोटारींसाठी तयार झालेल्या गाद्या जमिनीवर मांडून ते त्यांवर निजले. बायका खिडक्यांतून जेवणाचे डबे आत देत. ११ जानेवारीस पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तेव्हा आतल्यांनी पाण्याचे फवारे आणि दारांच्या बिजागऱ्या फेकून त्यांना मागे रेटले. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी राज्याची पलटण गावात आणली, परंतु संपवाल्यांना हुसकून लावण्यासाठी तिचा वापर करण्याचे नाकारले. चव्वेचाळिसाव्या दिवशी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, बलाढ्य कंपनीने कामगारांच्या संघटनेस मान्यता दिली. त्या छोट्याशा करारनाम्याने अमेरिकेतील श्रमिकाचे वेतन, त्याचे निवृत्तिवेतन आणि त्याची प्रतिष्ठा यांचा पाया घातला.

त्यानंतरची पहिली गणना १९४० ची, आणि ती दोन कारणांनी संस्मरणीय आहे. माणसाचे वेतन किती, हे अमेरिकन सरकारने प्रथमच घरोघर विचारले. त्यावर मोठा गहजब झाला. म्हणून ज्याला तोंडी सांगण्याचा संकोच वाटे त्याला ते लिहून बंद पाकिटातून धाडण्याची मुभा दिली गेली, आणि वर्षाला ५,००० डॉलरांहून अधिक वेतन असेल तर नेमका आकडा सांगण्याचीही सक्ती नव्हती. दुसरे कारण असे की त्याच वर्षी घरांचीही पहिली राष्ट्रव्यापी गणना झाली. घर स्वतःचे की भाड्याचे, शौचकूप आत की बाहेर, रेडिओ आहे काय, आणि घरात नळाचे पाणी येते काय, असे प्रश्न प्रगणक विचारीत गेला. नळाचा हा प्रश्न वाचकाने स्मरणात ठेवावा.

युद्धोत्तर काळ हा फ्लिंटचा सुवर्णकाळ. २३ नोव्हेंबर १९५४ रोजी जनरल मोटर्सची पाच कोटीवी मोटार तेथील कारखान्यातून बाहेर पडली. ती सोनेरी रंगाची शेव्हरोले होती, आणि तिच्या स्वागतार्थ गावभर मिरवणूक निघाली. १९६० साली लोकसंख्येने १,९६,९४० हा उच्चांक गाठला, आणि उच्चशिक्षण न घेतलेल्या कामगारास स्वतःचे घर, दारी मोटार आणि म्हातारपणाची बेगमी ही स्वाभाविक गोष्ट वाटू लागली.

परंतु घरांच्या रकान्यात याच काळी निराळे काही लिहिले जात होते. १९३७ च्या सुमारास सरकारी गृहकर्ज संस्थेने शहराचे नकाशे रंगविले होते: उत्तम वस्ती हिरवी, त्याखालोखाल निळी, मग पिवळी, आणि ‘धोक्याची’ ती तांबडी. कृष्णवर्णी वस्त्या तांबड्या रंगाखाली गेल्या. तांबड्या भागात कर्ज मिळणे दुरापास्त. कर्जावाचून डागडुजी नाही. डागडुजीवाचून घर पडीक. आणि घर पडीक दिसले की तांबडा रंग यथार्थ ठरल्याचा दाखला आपोआप तयार. १९६६ मध्ये फ्लॉइड मॅक्री हे कृष्णवर्णी गृहस्थ महापौर झाले. घरविक्रीत वर्णभेदास मनाई करणारा ठराव नगरसभेच्या सभासदांनी फेटाळला, तेव्हा त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली, आणि नागरिकांनी नगरभवनापुढील हिरवळीवर रात्रंदिवस मुक्काम ठोकला. अखेर ठराव संमत झाला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये लोकमतासही उतरला, तो अगदी निसटत्या मताधिक्याने. पण अधिकार मिळाला आणि घरे गेली, असेही त्याच पिढीने पाहिले. नव्या महामार्गाच्या आखणीखाली फ्लोरल पार्क, आणि नगरसुधारणेच्या योजनेखाली सेंट जॉन, या दोन्ही वस्त्या जमीनदोस्त झाल्या.

फ्लिंट ओस पडले ते कारखाने बंद झाल्यामुळे, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही. एके काळी त्या परिसरात कंपनीचे ८० हजारांच्या आसपास नोकर होते, ते १० हजारांच्या खाली आले, आणि ब्यूकचा अवाढव्य कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. तथापि शहराभोवतालच्या जेनेसी परगण्याचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. १९८० साली परगण्यात सुमारे साडेचार लाख लोक होते; २०२० साली ४,०६,२११. म्हणजे घट दहा टक्क्यांच्या आसपास. याच चाळीस वर्षांत शहर १,५९,६११ वरून ८१,२५२ वर आले, म्हणजे निम्मे झाले. शहराचा आकडा परगण्यातून वजा केला असता दिसते की हद्दीबाहेरची वस्ती उलट तीस हजारांवर वाढली. सारेच परागंदा झाले नव्हते. कित्येक जण हद्दीची रेषा तेवढी ओलांडून गेले होते. कंपनीनेही आपले नवे कारखाने युद्धानंतर उपनगरांतच बांधले होते, आणि शहर व उपनगरे यांचे एकच शासन करावे ही १९५७-५८ मधील ‘न्यू फ्लिंट’ योजना उपनगरांच्या विरोधाने बारगळली होती. त्यामुळे माणसांबरोबर त्यांचे करही रेषेपलीकडे गेले. मागे राहिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश आज दारिद्र्यरेषेखाली आहेत, आणि हजारो बेवारस घरे करथकबाकीपायी जप्त होऊन परगण्याच्या भूमिसंस्थेकडे आली. त्यांतील पुष्कळ तिने पाडून टाकली.

माणूस गाव सोडतो, पैसा तर त्याच्याही आधी सोडतो. परंतु घर जागचे हलत नाही, आणि घरापर्यंत नेलेला नळही हलत नाही. दोन लाख माणसांच्या हिशेबाने पुरलेली नळांची जाळी एक लाखाहून कमी, त्यांतही निर्धन, अशा माणसांच्या गळ्यात पडली. शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती असताना, खर्च वाचविण्याकरिता २५ एप्रिल २०१४ रोजी डेट्रॉइटकडून येणारे ह्यूरॉन सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सोडण्यात आले, आणि नळ झिजू नयेत म्हणून मिसळावयाचे द्रव्य मिसळले गेले नाही. पाणी तांबूस येई, त्याला वास येई. त्या पाण्याने यंत्राचे भाग गंजतात म्हणून मोटार कंपनीने ऑक्टोबरात आपल्या कारखान्यापुरते ते बंद केले. घरांतील मुले मात्र ते आणखी वर्षभर पीत राहिली, आणि जुन्या नळांतील शिसे त्यांच्या रक्तात उतरत राहिले.

अधिकारी म्हणत होते, आकड्यांत काही दिसत नाही. आणि त्यांच्या आकड्यांत ते खरोखर दिसत नव्हते, कारण त्यांनी मुलांची गणना टपालाच्या विभागवार केली होती; फ्लिंटच्या टपाल विभागांत शहराबाहेरची, निराळे पाणी पिणारी कितीतरी घरे येत. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी भूगोलवेत्ते रिचर्ड सॅडलर यांच्या साहाय्याने प्रत्येक मुलाच्या रक्तातील शिशाचे प्रमाण त्याच्या घराच्या पत्त्याशी जोडून पाहिले. घरांवरून मोजताच चित्र पालटले: पाच वर्षांखालील ज्या मुलांच्या रक्तात शिसे धोक्याच्या पातळीवर होते, त्यांचे शहरातील प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी आपले पहिले निष्कर्ष जाहीर केले, आणि १६ ऑक्टोबर रोजी सरोवराचे पाणी पूर्ववत आले. डोक्यांच्या गणतीने जे झाकले होते ते खानेसुमारीने उघड केले.

मग नळ बदलावयाचे ठरले, तेव्हा कोणत्या घरचा नळ शिशाचा हे कोणास ठाऊक नव्हते. नगरपालिकेच्या दप्तरात सुमारे ४५ हजार जुनी टिपणकार्डे निघाली. कित्येकांवर पेन्सिलीने लिहिलेले, कित्येकांवरचा मजकूर पुसट, कित्येकांवरचा चुकीचा. कार्डावर तांबे लिहिलेले असावे आणि जमिनीत शिसे निघावे, असे वारंवार घडले. शेवटी मजुरांच्या टोळ्या एकेका दारासमोर गेल्या, हिरवळ खणून त्यांनी नळ उघडा पाडला, तो शिशाचा की तांब्याचा हे डोळ्यांनी पाहिले आणि मगच नोंद केली. एका शहराला आपली घरे अशी दारोदार, खड्डा खणून मोजावी लागली. कारण जेव्हा ती मोजावयाची होती तेव्हा त्यांत राहणार कोण, कर्ज मिळणार कोणाला आणि रेषेच्या कोणत्या बाजूस, एवढेच पाहिले गेले होते.