सण सरला, मन कामात रमेना!

नवी मुंबई, प्रतिनिधी

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले की पनवेल स्थानकातील चित्र पालटते. चतुर्थीपूर्वी कोकणाकडे निघालेली गर्दी आता पहाटेच्या गाड्यांतून उतरू लागते. हातात नारळ, कोकम आगळाच्या बाटल्या, गावच्या काकड्या आणि डोळ्यांत अपुरी झोप. यांतील कित्येकजण घरी बॅगा टाकून त्याच दिवशी तुर्भे, महापे, रबाळे येथील कारखान्यांत किंवा ऐरोली-घणसोलीच्या कार्यालयांत हजर होतात. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आली आणि गौरी-गणपतींचे विसर्जन 2 सप्टेंबरला, मंगळवारी झाले. म्हणजे रजा टाकून गावी गेलेल्यांचा कामाचा आठवडा बुधवारीच, तोही प्रवासाच्या शिणातच सुरू झाला. हजेरीपटावर माणूस दिसतो. कामात मात्र तो दोन-तीन दिवसांनी येतो, हा अनुभव सुपरवायझरपासून मनुष्यबळ व्यवस्थापकापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे.

या मरगळीला सरसकट आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते खरे नव्हे. सुट्टीचा लाभ किती काळ टिकतो, याचा अभ्यास जगात गेली तीन दशके होत आहे. मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या इस्रायली संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की सुट्टीत कामाचा थकवा कमी होतो खरा, पण कामावर परतल्यावर तीन दिवसांतच तो काही अंशी परत येतो आणि तीन आठवड्यांत पूर्वपदाला पोहोचतो. जेसिका डी ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष जवळपास हाच निघाला. ताजेपणा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने अधिक मोलाची बाब जर्मनीतील शिक्षकांच्या 2011 मधील अभ्यासातून पुढे आली. सुट्टीनंतर ज्यांच्यावर कामाचा भार जास्त पडला, त्यांचा ताजेपणा लवकर ओसरला. ज्यांनी संध्याकाळी विश्रांतीला वेळ काढला, त्यांचा अधिक टिकला. म्हणजेच उमेद टिकते की विरते, हे बऱ्याच अंशी परतल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांवर अवलंबून असते आणि ते दिवस कसे जावेत हे ठरविणे वरिष्ठांच्या हाती असते.

पहिला दिवस मोकळा ठेवा

प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. कर्मचारी रजेवर असताना त्याचे काम कोणी करीत नाही, ते साचते. परतल्यावर शेकडो ई-मेल, थकलेली बिले आणि ‘तुमच्याचसाठी थांबलो होतो’ असे म्हणणारे सहकारी त्याची वाट पाहात असतात. मग पेढे, मोदक वाटून झाल्यावर अर्ध्या तासात सुट्टीचा आनंद मावळला तर नवल नाही.

यावरचा उपाय रजा मंजूर करतानाच करावा लागतो. कोणते काम कोणाकडे जाईल आणि कोणते थांबले तरी चालेल, हे कागदावर ठरले पाहिजे. जर्मनीतील डाइमलर कंपनीने 2014 मध्ये याबाबत टोकाची वाटावी अशी सोय केली. रजेवरील कर्मचाऱ्याला आलेला ई-मेल, त्याची इच्छा असल्यास, आपोआप पुसला जातो आणि पाठविणाऱ्याला दुसऱ्या सहकाऱ्याचा पत्ता कळविला जातो. आपल्याकडे, रजेतही फोन उचलणे हे निष्ठेचे लक्षण मानले जाते तिथे, हे लगेच रुजणार नाही. मात्र परतल्याच्या पहिल्या दिवशी बैठक, मूल्यमापन वा ग्राहकभेट ठेवायची नाही, एवढा नियम कोणत्याही कार्यालयाला विनाखर्च करता येईल. पहिल्या दिवशी त्याच दिवसात पुरे होईल असे एखादे काम द्यावे. काम हातावेगळे झाल्याचे समाधान मिळाले, की पुढच्या कामाला हात लागतो. प्रेरणादायी भाषणांचा उपयोग त्यामानाने फारच थोडा.

कारखान्यांत हा प्रश्न केवळ उत्साहाचा राहात नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक उद्योग मोठ्या प्रमाणावर आहेत. बंद ठेवलेले संयंत्र पुन्हा सुरू करण्याची वेळ ही अशा उद्योगांत सर्वाधिक जपण्याची मानली जाते. रात्रभर बसमध्ये किंवा रेल्वेच्या जनरल डब्यात अवघडून आलेल्या कामगाराला त्याच सकाळी व्हॉल्व्ह आणि दाबमापकांपुढे उभे करणे धोक्याचे आहे. पाळीच्या आरंभी पंधरा मिनिटांची उजळणी, पहिल्या दिवशी जोडीने काम आणि ओव्हरटाइमला मनाई, ही पथ्ये म्हणूनच आवश्यक ठरतात. ‘कालची झोप झाली का?’ हा प्रश्न सुपरवायझरने विचारावा आणि ‘नाही’ या उत्तरासाठी कोणाचीही हजेरी कापली जाऊ नये.

रजेचा हक्क आणि हिशेब

विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि दीर्घ लढ्यानंतर 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज दुकाने व आस्थापनांसाठी असलेल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार 240 दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठविता येते. त्याखेरीज आठ दिवस नैमित्तिक रजा आणि सणांच्या आठ सुट्ट्या आहेत. या आठांपैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर हे दिवस ठरलेले असून उर्वरित चार परस्परसंमतीने ठरवायचे असतात. कोकणातील कर्मचारी बहुसंख्य असलेल्या आस्थापनेने यांतील एक दिवस चतुर्थीऐवजी परतीच्या प्रवासानंतर ठेवला, तर अर्धा प्रश्न सुटेल. चतुर्थीला तसेही निम्मे लोक रजेवरच असतात.

रजा साठविण्याची सवय मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. डी ब्लूम यांच्याच 2013 मधील अभ्यासात दीर्घ सुट्टीतील समाधान आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक असल्याचे आढळले आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पूर्वीच्या पातळीवर आले. वर्षाची सर्व रजा एकाच सणाला उधळण्यापेक्षा ती दोन-तीन वेळा विभागून घेणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

कंत्राटी कामगारांची गोष्ट निराळी आहे. कायद्यात तरतूद असली तरी अनेकांना भरपगारी रजा प्रत्यक्षात मिळत नाही. गावी काढलेल्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते, वर सणाचा खर्च होतो आणि माणूस उसनवारी घेऊन परततो. त्याच्या चेहऱ्यावरची मरगळ सुट्टी संपल्याची नसते, पैशाच्या विवंचनेची असते. त्याला परतल्यावर आठवड्याभरात उचल मिळाली आणि नाव हजेरीतून कमी झालेले नाही याची खात्री दिली गेली, तर कोणत्याही कार्यशाळेपेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

दिवाळीनंतरचे चित्र आणखी वेगळे असते. किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के बोनसची रक्कम हाती पडेपर्यंत राजीनामा खिशात ठेवणारे काहीजण सुट्टीनंतर तो साहेबांच्या टेबलावर ठेवतात. अशांची उमेद सुट्टीत हरविलेली नसते. ती त्याआधीच कित्येक महिने गेलेली असते आणि तिची विचारपूस ऑगस्टमध्येच व्हायला हवी होती.