ओळखीच्या सुरांचे अनोळखी धनी

जुन्या अमेरिकी कार्टूनपटात कारखान्याची यंत्रे सुरू झाली, पट्ट्यावरून वस्तू सरकू लागल्या, की एक ठरावीक धून हमखास वाजते. ठेका जड, परंतु क्षणभरही न थांबणारा. कार्टून नेटवर्क ही वाहिनी १९९५ मध्ये भारतात आली, तेव्हापासून ही धून आपल्या घरांतील नातवंडांच्या कानांत बसली आहे. आजोबांच्याही बसली आहे, हे मान्य करण्यास संकोच नसावा. मात्र ती कोणाची, असे विचारल्यास 'कार्टूनची' यापलीकडे उत्तर मिळत नाही.

ती रेमंड स्कॉट यांची 'पॉवरहाउस' ही १९३७ मधील रचना. स्कॉट यांचे मूळ नाव हॅरी वॉर्नो, जन्म १९०८ चा, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथला. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव 'पंचक' या अर्थाचे 'क्विंटेट', पण वादक होते सहा. 'पॉवरहाउस'चे दोन भाग आहेत. पहिला भरधाव, पाठलागाच्या प्रसंगी वाजणारा. दुसरा वर सांगितलेला यंत्रांचा. हे भाग बहुधा निरनिराळ्या प्रसंगी कानी पडत असल्याने ऐकणाऱ्यास त्या दोन स्वतंत्र रचना वाटतात. विशेष असे की, स्कॉट यांनी ही रचना कार्टूनसाठी केलेलीच नव्हती. १९४३ मध्ये त्यांच्या रचनांचे प्रकाशनहक्क वॉर्नर ब्रदर्सकडे गेले आणि तेथील संगीत दिग्दर्शक कार्ल स्टॉलिंग यांनी ही धून ४० हून अधिक कार्टूनपटांत योजली.

स्टॉलिंग (१८९१–१९७२) हे मूकपटांच्या काळातले वादक. कॅन्सस सिटीच्या चित्रगृहात पडद्याकडे पाहत ऑर्गन वाजवावा, प्रसंग बदलला की चाल बदलावी, हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांची निवड पुष्कळदा गाण्याच्या नावावरून होई. लाल पोशाखातील स्त्री दिसली की 'द लेडी इन रेड', पैसा दिसला की 'वुई आर इन द मनी'. शब्द ऐकू येत नसत. ज्याला गाणे ठाऊक तो हसे, इतरांना नुसती चाल. यामागे व्यापारही होता. वॉर्नरने १९२९ च्या सुमारास मोठ्या संगीत-प्रकाशन संस्था विकत घेतल्या होत्या आणि १९३१ मध्ये सुरू झालेल्या 'मेरी मेलडीज' मालिकेत आपल्याच मालकीची गाणी वाजावीत, असा कंपनीचा कटाक्ष होता. 'लूनी ट्यून्स'ची सुप्रसिद्ध सलामीदेखील मुळात १९३७ चे एक लोकप्रिय गीतच होय.

जुन्या युरोपीय संगीतकारांच्या रचनांना तर मोल पडत नसे. कार्टूनमध्ये पहाट झाली की बहुधा दोहोंपैकी एक चाल लागते: एक ग्रीग यांच्या 'पेर ग्युंट'मधील प्रभातसंगीत (१८७६), दुसरी रोसिनी यांच्या 'विल्यम टेल'च्या (१८२९) नांदीतील गुराख्याची साद. रसिक या दोहोंत नेहमी गल्लत करतात. रोसिनींच्या त्याच नांदीचा अखेरचा भाग घोडदौडीला लागतो. चक जोन्स यांच्या एका मालिकेत काळी मैना मेंडेल्सन यांच्या 'हेब्रिडीज' नांदीच्या तालावर लंगडत, मध्येच उडी घेत चालते. आपल्या अंगणातला पक्षी आणि स्कॉटलंडच्या गुहेवरून सुचलेले संगीत, अशी ही सोयरीक! डिस्नेच्या 'स्केलेटन डान्स'मधील (१९२९) संगीत सँ-साँस यांचे, असा समज आजही आढळतो. वस्तुतः त्यात ग्रीग यांची एक चाल असून बाकीचे स्टॉलिंग यांचेच आहे.

या गोंधळाचे कारण श्रेयनामावलीत आहे. पडद्यावर नाव येई ते केवळ संगीत दिग्दर्शकाचे. ज्यांच्या रचना घेतल्या त्यांचा उल्लेख नसे. आपल्याकडे संगीत नाटकांची रीत याहून सरळ होती, असे आम्हांस वाटते. किर्लोस्करांच्या काळातील नाटकांच्या छापील प्रती उघडाव्यात; पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून मूळ पदाचा निर्देश केलेला आढळतो. चाल उसनी घेण्यात कमीपणा नव्हता, ती उसनी आहे हे सांगण्यातही नव्हता.

वॉर्नरकडील नोंदी मात्र पडद्यामागे होत्या. हक्कदारांस मानधन मिळावे म्हणून प्रत्येक चित्रपटाचे 'क्यू-शीट' तयार होई: कोणती रचना, कोणाची, प्रकाशक कोण, किती वेळ वाजली. दप्तरी कागदाला रुक्ष म्हणून हिणवण्याची सर्वांनाच सवय आहे. पण स्टॉलिंग यांच्या संगीताचा एकेक तुकडा ओळखून त्याच्या धन्याचे नाव सांगणे आज शक्य होते, ते याच रुक्ष तक्त्यांमुळे. कान चुकतो, पहाटेच्या दोन चालींत चुकतोच.

स्टॉलिंग यांच्या संगीताची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका १९९० मध्ये निघाली, तेव्हा त्यांना जाऊन १८ वर्षे लोटली होती. स्कॉट यांची जुनी ध्वनिमुद्रणे १९९२ मध्ये पुन्हा बाजारात आली. १९८७ मधील पक्षाघाताने त्यांची वाचा जवळजवळ गेली होती. ८ फेब्रुवारी १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.