सावंतवाडीची गंजिफा : युद्धक्रीडेमागचे गणित

पटावर रणांगण मांडणाऱ्या आधुनिक युद्धखेळांत दोन्ही पक्षांचे बळ बहुधा विषम असते आणि दुबळ्या बाजूला अधिक अवधी किंवा सोपे उद्दिष्ट देऊन रचनाकार डावाचा समतोल साधतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीत चितारी कारागिरांनी जोपासलेल्या गंजिफेत, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या खेळात, हाच प्रश्न संख्येच्या रचनेने सोडवलेला दिसतो.

गंजिफेचा भारतातील जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या सुमारास येतो. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या १४४ पानांच्या संचाचे वर्णन केले असून, त्यातील अश्वपती, गजपती, नरपती, गडपती आणि नौकेत बसलेला नवपती हे रंग (एका चिन्हाच्या पानांचे गट) पाहता हा संच म्हणजे सैन्याची हजेरीच वाटते. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफेत आठ रंगांची ९६ पाने आहेत, तर सावंतवाडीला विशेष प्रिय असलेल्या दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंगांची १२० पाने आहेत. चित्रे बदलली, देव आले, पण प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अंकांची दहा पाने हा बाराचा हिशेब कुठेही मोडला नाही. बाराला तिनाने निःशेष भाग जात असल्याने रंग कितीही असोत, तीन खेळाडूंना पाने सारखीच येतात. दशावतारीत ती प्रत्येकी ४० असतात.

या रचनेचा परिणाम मोजता येतो. पाने नीट पिसली असतील, तर दशावतारी डावात एखाद्या खेळाडूच्या हाती एकही राजा न येण्याची शक्यता जेमतेम १.४ टक्के, म्हणजे सुमारे ७० डावांत एकदा, इतकीच आहे. याउलट ५२ पत्त्यांच्या चौघांच्या खेळात एकही एक्का न मिळण्याची शक्यता ३० टक्क्यांवर जाते. शिवाय गंजिफेत हुकूम नसतो आणि निम्म्या रंगांत अंकांचा क्रम उलटा असल्याने तिथे दश्शीपेक्षा एक्का भारी ठरतो, त्यामुळे लहान अंकाचे पान आपोआप हलके ठरत नाही. दिवसा रामाच्या आणि रात्री कृष्णाच्या राजाने डाव उघडायचा, ही प्रथाही उतारीचा वाद मिटवते. नशिबाचा वाटा इतका आवळला की उरते ती स्मरणशक्ती, आणि कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवणाराच तिथे खरा सेनापती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला लोपू लागली, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आश्रय दिला आणि तेथे आजही कारागीर पाने रंगवतात. मात्र संच बहुतांशी शोभेसाठी विकले जातात. म्हणून विकत घेणाऱ्याने पानांबरोबर खेळाचे नियमही आवर्जून मागून घ्यावेत.