एका भीतीचा इतिहास

दिवाळीच्या दिवसांत असा विषय काढावा हे पुष्कळांस रुचणार नाही. पण घरची सारी माणसे एकत्र बसतात ती याच चार दिवसांत; आणि घरात ज्या गोष्टींविषयी कोणीच बोलत नाही, त्या गोष्टी माणसे कशी नेतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून संकोच बाजूस सारून लिहितो.

पनवेलहून उरणकडे जाताना आमचे जासई लागते. माझ्या लहानपणी येथे भातखाचरे आणि मिठागरे होती. १९८४ च्या जानेवारीत जमिनीसाठी जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्या आंदोलनाचे पुढारी दि. बा. पाटील याच गावचे. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, आणि नांगर गेलेल्या हातांत ट्रकची चाके आली. मी एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकून झालो. माझा एक बालमित्र ड्रायव्हर झाला.

१९९३ च्या डिसेंबरात, एका रात्री, त्याच्याबरोबर मुंबईस गेलो आणि जे करू नये ते करून आलो. निरोध वापरण्याचे भानही ठेवले नाही. तीन आठवड्यांनी ताप आला, घसा धरला. मला वाटले, झाले! वैशाखात माझे लग्न ठरले होते.

त्या काळी भिंतींवर आणि पत्रकांवर एड्सची लक्षणे छापलेली असत: वजन दहाव्या हिश्शाने घटणे, महिनाभर ताप, महिनाभर जुलाब. मी ती पाठ केली होती. पनवेल स्टेशनवरील वजनाच्या यंत्रात दर आठवड्यास नाणे टाकी. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाच्या एका बाजूस वजन आणि दुसऱ्या बाजूस भविष्य. ‘तुमचा भाग्योदय जवळ आहे’ असे वाचीत असता वजन मात्र दोन किलोंनी उतरलेले! अन्न गोड लागत नव्हते म्हणून वजन घटत होते, आणि वजन घटले म्हणून अन्न गोड लागत नव्हते.

ही भीती माझ्यापासून सुरू झाली नव्हती. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग’ रोगाचे वर्णन आहे. फिरंग्यांबरोबर आला म्हणून फिरंग. आपल्या आजोबा-पणजोबांची ‘गरमी’ ती हीच. १८६८ साली इंग्रज सरकारने संसर्गजन्य रोगांचा कायदा करून वेश्यांची सक्तीने नोंदणी व तपासणी सुरू केली. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून पकडावयाचे ते बायकांना! १८८८ साली तो कायदा रद्द झाला, पण रोग्यास गुन्हेगार समजण्याची खोड गेली नाही.

१९८१ साली अमेरिकेत या नव्या रोगाची पहिली नोंद झाली आणि १९८३ साली पॅरिसमध्ये त्याचा विषाणू सापडला. हिंदुस्थानात तो आहे हे १९८६ साली मद्रासेत सिद्ध झाले, आणि त्यामागे होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. माहेरच्या त्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले आणि वेल्लोरला नेऊन तपासून घेतले. पुढे सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावे संस्था काढली आणि ज्यांना इतर दारे बंद होती त्यांना आयुष्यभर आपले दार उघडे ठेवले.

दारे बंद कशी होत, हे गोव्यात दिसले. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात विषाणू आढळला. रक्तदान करणारा हा माणूस. त्याला तेथील कायद्याने पकडून क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात चौसष्ट दिवस कोंडून ठेवले. असल्या वार्ता कानी असताना तपासणीस कोण जाईल?

शेवटी मी गेलो तो एका वृद्ध डॉक्टरांकडे. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो, ताप काय, घसा काय, शंभर रोगांत येतो. लक्षणे पाहून हा रोग आहे असे ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही. रक्तच तपासले पाहिजे.” पुढे त्यांनी समजावले, की ही तपासणी विषाणूस शोधीत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिद्रव्यांस शोधते, ती तयार होण्यास वेळ लागतो, म्हणून तीन महिने भरल्यावर केलेली तपासणी खरी.

मार्चअखेर चिठ्ठी हाती आली. रोग नव्हता. मी मित्राकडे धावलो. “तूही तपासून घे,” म्हटले. तो हसला. “नको रे बाबा. कळलं की रोज मरायचं. त्यापेक्षा एकदाच मेलेलं बरं.”

१९९७ साली तो गेला. तेराव्यानंतर वहिनींचे रक्त तपासले, तर त्यांनाही लागण झालेली. त्यांनी मला एवढेच विचारले, “भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?”

मला ठाऊक होते. मित्राची अब्रू राखावी म्हणून मी गप्प बसलो होतो. आपल्या लग्नाआधी मी स्वतःचे रक्त तपासून घेतले. त्याच्या बायकोचा विचार मी केला नाही. माझ्या पत्नीस हे सारे सांगितले तेव्हा तीही प्रथम वहिनींविषयीच बोलली.

वहिनी वाचल्या त्या औषधांनी. परदेशी औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांवर होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीच औषधे साडेतीनशे डॉलरांत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ती मोफत देण्यास प्रारंभ केला, मुंबईत जे. जे. रुग्णालयात ती मिळू लागली. वहिनी आजही रोज गोळी घेतात आणि नातवंडे खेळवतात.

आज तर मार्ग अधिक सोपा आहे. धोका घडल्यापासून बहात्तर तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, औषध सुरू करून अठ्ठावीस दिवस घेतले तर लागण बहुधा टळते. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर सल्ला मिळतो. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. २०१७ च्या कायद्याने रोग्यास नोकरीवरून काढणे, त्याच्या संमतीवाचून रक्त तपासणे, हे बंद केले आहे. कायदा नाही बदलू शकला तो आपला गप्प बसण्याचा स्वभाव.

वहिनींकडून दर दिवाळीस करंज्यांचा डबा येतो. पहिल्या वर्षी आमच्या आळीत त्यास कोणी हात लावला नव्हता. आता डबा उघडण्याआधीच पोरांची झुंबड उडते. मी मात्र पहिली करंजी हाती घेतली, की क्षणभर थांबतो. तो प्रश्न अजून कानांत असतो.