उघड्या टाकीवरचा लाईट खाऱ्या पाण्यापासून कसा वाचवायचा? संपूर्ण माहिती

नाशिकपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तरीही शहरात खाऱ्या पाण्याची टाकी हौसेने ठेवणारे बरेच जण आहेत. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशोबाने तयार सागरी मीठ मिसळायचं, की घरच्या घरी समुद्र तयार! क्लाऊनफिश त्यात मजेत राहतात. पण या टाकीतली एक महागडी वस्तू पाण्यात नसते, पाण्याच्या वर टांगलेली असते. ती म्हणजे लाईट. टाकीला झाकण नसेल तर तिच्या नाशाची सुरुवात पहिल्या दिवसापासूनच होते.

हा लेख वाचून तुम्हाला कळेल की लाईट नेमका कशाने खराब होतो, नाशिकच्या हवेत काय वेगळी काळजी घ्यायची आणि घरातल्या माणसांना शॉक लागू नये म्हणून काय करायचं.

टाकी उघडी का ठेवायची?

पहिला प्रश्न हाच पडतो. सरळ काचेचं झाकण का लावू नये? कारण उघड्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. दिवसाला १ लिटर पाणी आटलं तर टाकीतून सतत सुमारे २८ वॅट उष्णता बाहेर काढल्यासारखं होतं. ३ लिटर आटलं तर जवळपास ८४ वॅट. नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत हा फुकटचा कूलर आहे. समुद्री माशांना साधारण २४ ते २७ अंश तापमान लागतं आणि बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असतो. अशा वेळी झाकण घट्ट लावलं तर चिलर घ्यावा लागेल. शिवाय उघड्या पृष्ठभागातून पाण्याला ऑक्सिजनही चांगला मिळतो. म्हणून टाकी उघडी ठेवणं चूक नाही. फक्त त्याची किंमत लाईटने मोजू नये, एवढंच बघायचं.

मीठ लाईटपर्यंत पोहोचतं कसं?

इथे एक गैरसमज आहे. अनेकांना वाटतं की वाफेबरोबर मीठ वर उडतं. तसं होत नाही. वाफ म्हणजे शुद्ध पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणूनच आटलेलं पाणी भरताना आपण साधं आरओचं पाणी घालतो, खारं नाही.

मीठ वर जातं ते बारीक थेंबांतून. पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुडा फुटला की त्याचे सूक्ष्म तुषार काही इंच वर उडतात. एअर स्टोन, जोरात पडणारा पंपाचा पाइप, पृष्ठभाग ढवळणारा वेव्हमेकर, खाण्यासाठी झेपावणारे मासे, सगळेच तुषार उडवतात. थेंब लाईटवर पडतो, पाणी वाळतं आणि मीठ राहतं. साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर धरलं, तर तेवढ्यातून ३५ मिलिग्रॅम मीठ मागे उरतं. रोज थोडं थोडं म्हणता म्हणता पांढरा थर तयार होतो.

दुसरा मार्ग आणखी चोरटा आहे. साचलेल्या मिठाच्या कणांमधल्या फटीतून पाणी वातीसारखं पुढे सरकतं, वाळतं आणि नवं मीठ सोडतं. असा थर काचेच्या कडेवरून, वायरवरून, स्टँडवरून पुढे पुढे चालत जातो. याला हौशी मंडळी सॉल्ट क्रीप म्हणतात. स्टँडवर बसवलेल्या लाईटपर्यंत तो बरोब्बर पोहोचतो.

मीठ नुकसान काय करतं?

मिठातला क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर फोडतो आणि धातूत बारीक खड्डे पाडतो. लाईटची बॉडी आणि हीट सिंक बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचीच असते. त्यात स्टीलचा स्क्रू असेल तर दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारं पाणी येऊन बॅटरीसारखी क्रिया होते आणि ॲल्युमिनियम आणखी लवकर झिजतं.

पंखा असलेल्या एलईडी लाईटचा प्रश्न वेगळा. पंखा खारट हवा ओढून थेट हीट सिंकवर आणि सर्किट बोर्डवर सोडतो. पात्यांवर मीठ बसलं की पंखा मंदावतो, एलईडी तापते आणि तिचं आयुष्य घटतं.

नाशिकचे तीन ऋतू, तीन वेगळे त्रास

पावसाळा: सुकं मीठ वीज फारशी वाहू देत नाही, ओलं मीठ मात्र चांगली वाहू देतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळायला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा सहज तिथपर्यंत जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सागरी मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढतं. म्हणजे लाईटवरचा थर दिसायला कोरडा असला तरी बऱ्याचदा तो ओलसरच असतो. पावसाळ्यात मेन स्विच वारंवार पडत असेल तर आधी हा थर तपासा.

हिवाळा: रात्री नाशिकचं तापमान १० अंशांखाली जातं, खोलीही गारठते, पण टाकीतलं पाणी हीटरमुळे २५ अंशांच्या आसपास असतं. त्यात रात्री लाईट बंद असतो, म्हणून थंड असतो. कोमट पाण्याची वाफ त्याच्या खालच्या बाजूला लागून दव साचतं आणि आधीचं मीठ भिजवतं. सकाळी टायमरने लाईट चालू होतो तो ओल्या अवस्थेत.

उन्हाळा: पाणी भराभर आटतं, त्यामुळे काठावर आणि ओव्हरफ्लोवर मिठाचा थर झपाट्याने वाढतो. याच काळात पाण्यावर वारा मारणारा कूलिंग फॅन लावतात. त्याचा झोत लाईटकडे असेल तर तुषार थेट आत जातात. फॅनचं तोंड पाण्याकडे तिरकं ठेवा.

उपाय १: मुळात तुषार कमी करा

हा सगळ्यात स्वस्त उपाय. रिटर्न पंपाचं तोंड पृष्ठभागाच्या थोडं खाली ठेवा. पाणी हललेलं दिसावं, उसळलेलं नको. एअर स्टोन लाईटच्या बरोबर खाली ठेवू नका. शक्य असेल तर प्रोटीन स्किमर आणि बुडबुडे करणारी बाकी साधनं खालच्या संपमध्ये हलवा. मासे बाहेर उडी मारतात म्हणून झाकण लावत असाल, तर त्याऐवजी बारीक पारदर्शक जाळी ताणून बसवा. मासे आत राहतात, वाफ बाहेर जाते.

उपाय २: लाईट वर उचला

पाण्यापासून १० सेंटिमीटरवर असलेल्या लाईटवर जेवढे तुषार पोहोचतात, त्यातले फारच थोडे ३० सेंटिमीटरपर्यंत जातात. अंतर वाढलं की उजेड कमी होतो, हे खरं. पण इथे आपल्याकडच्या टाक्यांना एक सवलत आहे. भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पकडणं किंवा विकणं गुन्हा आहे. म्हणजे घरची टाकी मुख्यतः माशांची असते आणि माशांना प्रवाळाइतका प्रखर उजेड लागतच नाही. तेव्हा परदेशी व्हिडिओ बघून पंखेवाला जबरदस्त लाईट पाण्याला चिकटवण्याची गरज नाही. मध्यम ताकदीचा, बिनपंख्याचा, सीलबंद लाईट २५-३० सेंटिमीटरवर टांगला तरी काम भागतं.

टांगताना लाईट पीओपीच्या फॉल्स सीलिंगला अडकवू नका. वरच्या काँक्रीट स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारून घ्या आणि मुख्य तारांशिवाय एक जादा सुरक्षा तार लावा. तार आणि हुक स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ ग्रेड मिठाला जास्त टिकतो, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यामुळे नाशिकमध्ये स्टील फॅब्रिकेशन आणि ॲक्रिलिक कटिंग करून घेणं अवघड नाही. माप देताना ग्रेड स्पष्ट सांगा.

उपाय ३: मध्ये पारदर्शक ढाल बसवा

लाईट खालीच ठेवायचा असेल तर त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये एक शीट हवी. पर्याय असे:

- ॲक्रिलिक: स्वच्छ शीटमधून सुमारे ९२ टक्के उजेड जातो. हलकी, कापायला सोपी. पण खालून ओल आणि वरून ऊब मिळाल्यामुळे ती वाकते. २-३ फूट लांबीला ३ मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटर जाडी घ्या आणि दर आठवड्याला उलटी करा.
- काच: वाकत नाही, ओरखडे कमी पडतात. जड असते, म्हणून टफन्ड काचच घ्या. ती बनल्यानंतर कापता येत नाही, तेव्हा माप आधी नीट द्या.
- पॉलिकार्बोनेट: फुटत नाही, पण ओरखडे पटकन पडतात आणि साधी शीट काही काळाने पिवळी पडते.

जुना मेटल हॅलाइड लाईट वापरत असाल तर त्याची मूळ काच कधीही काढू नका. ती अतिनील किरण अडवते. अशा तापणाऱ्या दिव्याजवळ ॲक्रिलिकही नको.

ढाल लाईटला चिकटवायची नाही. मध्ये काही सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, म्हणजे गरम हवा बाहेर पडेल. लाईटची हवा खेचणारी जाळी ढालीच्या वरच्या बाजूला राहील असं बघा. आणि लक्षात ठेवा, ढालीवर साचलेलं मीठसुद्धा उजेड अडवतं. ती पुसली नाही तर फायदा अर्धा.

उपाय ४: आयपी रेटिंग वाचून खरेदी करा

लाईटच्या डब्यावर आयपी ६५ किंवा आयपी ६७ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. दुसरा आकडा ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणारं पाणी चालतं, ५ म्हणजे पाण्याचा झोत चालतो, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. उघड्या टाकीसाठी आयपी ६५ पासून वर बघा.

मात्र ही चाचणी साध्या पाण्यात होते. मिठामुळे वर्षभरात होणारा गंज तिच्यात धरलेला नसतो. म्हणून आयपी ६७ लिहिलंय म्हणजे पुसायची गरज नाही, असं समजू नका. कनेक्टर आणि ड्रायव्हरचं रेटिंगही वेगळं बघा, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं.

उपाय ५: विजेची बाजू (हा भाग टाळू नका)

- आरसीसीबी लावा. एमसीबी वायरिंगला वाचवते, माणसाला नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट मोजते आणि फरक पडला की क्षणात पुरवठा तोडते. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.
- अर्थिंग तपासून घ्या. धातूच्या बॉडीचा लाईट तीन पिनच्या प्लगवरच चालवा. अर्थिंग नीट असेल तर कुणाचा हात लागण्याआधीच आरसीसीबी पडते.
- ड्रायव्हर दूर ठेवा. २३० व्होल्टचा भाग टाकीच्या वर किंवा दमट कॅबिनेटमध्ये नको. भिंतीवर बाजूला लावा आणि लाईटपर्यंत फक्त कमी व्होल्टेजची डीसी वायर न्या.
- ड्रिप लूप द्या. वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळीसारखी सैल सोडा आणि मग वर सॉकेटमध्ये न्या. वायरवरून ओघळणारं पाणी खालच्या टोकाला गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही.
- एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर, टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला बसवा.

लाईट कसा पुसायचा?

आधी प्लग काढा, फक्त स्विच बंद करून भागत नाही. लाईट गार होऊ द्या. मायक्रोफायबर कापड आरओच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि पुसा. कोरड्या कापडाने घासलं तर मिठाचे कण ओरखडे पाडतात. काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे वापरू नका. ॲक्रिलिकला त्याने तडे जातात आणि फवारा पाण्यात पडला तर माशांना घातक. पंखा आणि जाळी मऊ ब्रशने साफ करा. पूर्ण कोरडं झाल्यावरच प्लग लावा.

किती दिवसांनी? ढाल आणि लेन्स आठवड्यातून एकदा, स्टँड आणि वायर पंधरा दिवसांतून एकदा, कनेक्टर आणि पंखा महिन्यातून एकदा. पावसाळ्यात सगळंच थोडं लवकर.

लाईट पाण्यात पडला तर?

पाण्यात हात घालू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा, मगच लाईट उचला. आरसीसीबी पडली असली तरी हाच क्रम. लाईट परत चालू करून बघण्याचा मोह टाळा. आरओच्या पाण्याने धुऊन, वाळवून जाणकार इलेक्ट्रिशियनला दाखवा. टाकीचीही काळजी घ्या, कारण लाईटमधलं तांबं पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगाय यांना थोडं तांबंही मारक ठरतं. काही पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साधी ट्यूबलाईट लावली तर चालेल का?
साधी पट्टी उघड्या सॉकेटची असते. खाऱ्या पाण्यावर ती लावू नका. सीलबंद टोपण असलेलं फिटिंगच घ्या.

सिलिकॉन लावून लाईट स्वतः सील करू का?
हवेच्या जाळ्या बंद केल्या तर लाईट तापून जळेल. वॉरंटीही जाते. त्यापेक्षा ढाल बरी.

पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात, काय करू?
ही धोक्याची खूण आहे. लगेच मेन बंद करा. एकेक उपकरण काढून कोणतं गळतं ते इलेक्ट्रिशियनकडून शोधून घ्या. तोपर्यंत टाकीत हात नको.

सुरुवात कुठून करू?
आज आरसीसीबी आहे का ते बघा, मग वायरला ड्रिप लूप द्या. ढाल आणि टांगणी नंतर करता येईल.